जुन्या एंजिनाला नवा भाता

लोहाराच्या भट्टीसमोर थोडा वेळ उभे राहिले म्हणजे ज्वलनाविषयीची एक मूलभूत गोष्ट सहज ध्यानात येते. कोळसा तोच असतो, भट्टीही तीच असते. परंतु भाता चालू झाला की निखाऱ्यांचा रंग तांबड्यावरून पिवळ्यावर जातो आणि लोखंड घडवण्याजोगे मऊ होते. भाता स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. तो केवळ हवा पुरवतो, आणि हवा जितकी अधिक तितके ज्वलन अधिक. त्याचबरोबर कोळसा लवकर संपतो आणि भट्टीचा मातीचा लेप लवकर तडकतो, हेही लोहाराला ठाऊक असते.

मोटरगाडीचे एंजिन ही अशीच एक बंदिस्त भट्टी होय. फरक इतकाच, की ती मिनिटाला हजारो वेळा पेटते आणि विझते. या भट्टीलाही भाता जोडता येतो. एंजिनाच्याच शक्तीवर फिरणारा आणि सिलिंडरांत नेहमीपेक्षा अधिक हवा दाबून भरणारा असा जो पंप, त्याला सुपरचार्जर म्हणतात. इंग्रज कारागिरांनी त्याला ‘ब्लोअर’ म्हणजे फुंकणारा असे घरगुती नाव दिले होते. त्यात भात्याचीच कल्पना आहे.

सुपरचार्जर गृहीत धरूनच आखलेले एंजिन ही एक गोष्ट झाली. त्याच्याशिवाय तयार झालेल्या आणि रस्त्यावर धावत असलेल्या एंजिनाला तो मागाहून जोडणे ही अगदी निराळी गोष्ट आहे. येथे नव्या यंत्राला आधीच्या भागांच्या शेजारी जागा शोधावी लागते. आणि जागा मिळाली म्हणजे काम संपले असे होत नाही. दट्ट्या, बेअरिंग, कार्ब्युरेटर, स्पार्क प्लग, रेडिएटर, पट्टा अशा प्रत्येक शेजाऱ्याला नव्या परिस्थितीत आपले काम झेपेल काय, याचा एकेकाचा हिशेब मांडावा लागतो. हा हिशेब कसा मांडतात हे समजण्यासाठी इंग्लंडमध्ये १९२९ आणि १९३० या वर्षांत घडलेले बेंटली मोटारीचे उदाहरण फार उपयोगी आहे.

हवेचा हिशेब

बेंटली कंपनीने १९२७ साली साडेचार लिटरची म्हणून ओळखली जाणारी गाडी बाजारात आणली. तिच्या एंजिनात चार सिलिंडर होते. प्रत्येक सिलिंडरचा व्यास १०० मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव १४० मिलिमीटर. वर्तुळाच्या क्षेत्रफळाचे सूत्र वापरून विद्यार्थ्याने गुणाकार करून पाहावा: एका सिलिंडरात दट्ट्या जितकी जागा झाडून जातो ती सुमारे १०९९.५ घन सेंटिमीटर, आणि चारही सिलिंडरांची मिळून ४३९८ घन सेंटिमीटर भरते. चार धावांच्या एंजिनात क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांमध्ये ही जागा एकदाच भरली जाते. मिनिटाला ३५०० फेरे होत असतील तर ती १७५० वेळा भरेल, म्हणजे मिनिटाला सुमारे ७.७ घनमीटर हवा आत जाईल. २७ अंश सेल्सिअस तापमानाच्या, समुद्रसपाटीवरील एका घनमीटर हवेचे वजन सुमारे १.१८ किलोग्रॅम असते. तेव्हा एंजिन पूर्ण भरले असे मानले तर ते मिनिटाला नऊ किलोग्रॅम हवा गिळते. त्या हवेच्या बाराव्या हिश्श्याइतके पेट्रोल तिच्यात मिसळले तर मिनिटाला पाऊण किलोग्रॅम पेट्रोल जळेल. याहून अधिक पेट्रोल ओतून उपयोग नाही, कारण ते जाळण्यास हवाच उरलेली नसते. एंजिनाची भूक पेट्रोलची आहे असे सामान्यतः समजले जाते; वस्तुतः तिच्यावर मर्यादा घालते ती हवा.

हीच गोष्ट उंच प्रदेशात उलट दिशेने अनुभवास येते. लडाखमधील लेह हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ३५०० मीटर उंच आहे आणि तेथे हवेचा दाब मुंबईतील दाबाच्या जेमतेम दोन तृतीयांश असतो. मुंबईत नऊ किलोग्रॅम हवा घेणारे एंजिन तेथे सहा किलोग्रॅमच्या आसपासच घेईल, आणि घाट चढताना साधी मालमोटार धापा टाकू लागेल. विमानांच्या एंजिनांना सुपरचार्जर आवश्यक वाटू लागला तो याच कारणामुळे.

अधिक शक्ती हवी असेल तर मार्ग दोनच. भट्टी मोठी करावी, अथवा भाता जोडावा.

दोन मतांचा संघर्ष

कंपनीचे संस्थापक वॉल्टर ओवेन बेंटली यांचा पहिल्या मार्गावर विश्वास होता. त्यांनी त्याच मापाच्या सहा सिलिंडरांचे एंजिन वापरले. १०९९.५ ला सहाने गुणले म्हणजे ६५९७ घन सेंटिमीटर येतात. साडेसहा लिटरची गाडी ती हीच, आणि तिच्या वेगवान आवृत्तीचे नाव ‘स्पीड सिक्स’. सुपरचार्जर जोडल्याने आपल्या एंजिनाची मूळ रचना बिघडेल, असे बेंटली यांचे स्पष्ट मत होते.

सर हेन्री बर्किन या शर्यतपटूला मात्र दुसरा मार्ग हवा होता. जर्मनीतील मर्सिडीज कंपनीने १९२१ सालीच सुपरचार्जर असलेल्या प्रवासी गाड्या बर्लिनच्या प्रदर्शनात मांडल्या होत्या. १९२३ साली इटलीच्या ग्रां प्री शर्यतीत फियाटची सुपरचार्जरयुक्त गाडी पहिली आली होती. बर्किन यांना हे सारे माहीत होते. त्यांनी ॲमहर्स्ट व्हिलियर्स या अभियंत्याकडून सुपरचार्जरची आखणी करून घेतली. पुढे डॉरोथी पॅजेट या श्रीमंत महिलेने पैसा पुरवला आणि वेल्विन येथील कार्यशाळेत गाड्या तयार होऊ लागल्या. ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीच्या नियमांप्रमाणे अशा ५० गाड्या विक्रीसाठी बनवणे आवश्यक होते. कंपनीचे अध्यक्ष वुल्फ बार्नाटो यांनी त्यास मान्यता दिली. शर्यतीच्या गाड्या धरून एकूण ५५ गाड्या बनल्या.

बेंटली यांचा विरोध मावळला नव्हता. भाता सामावून घेण्यासाठी एंजिनाची मूळ रचना बदलू देण्यास त्यांनी नकार दिला. तेव्हा तो बसवावा कोठे?

जागेचा प्रश्न

एंजिनाच्या झाकणाखाली जागा नव्हती. एका बाजूला कार्ब्युरेटर व हवेच्या नळ्या, दुसऱ्या बाजूला जळलेला वायू बाहेर नेणाऱ्या तप्त नळ्या, मागे चालकासमोरील पडदी आणि पुढे रेडिएटर. यांतील काहीही हलवायचे नाही असे ठरल्यावर उरली ती रेडिएटरच्याही पुढची मोकळी जागा. चौकटीच्या पुढे आलेल्या दोन टोकांमध्ये, खालच्या बाजूस, हे अवजड यंत्र बसवण्यात आले आणि क्रँकशाफ्टच्या पुढील टोकाकडून त्यास थेट चालना देण्यात आली. दोन एस. यू. कार्ब्युरेटर त्याच्याच तोंडाशी आले. रस्त्यावरील दगडगोट्यांपासून त्यांचे रक्षण व्हावे म्हणून पुढे जाळी बसवावी लागली. गाडीला जे उग्र रूप प्राप्त झाले, ज्यासाठी ती आजही ओळखली जाते, ते कोणा कलावंताने योजलेले नव्हते. जागा नाकारली गेल्यामुळे ते आले.

या व्यवस्थेचे लाभही होते. सुपरचार्जर पुढे असल्यामुळे तो वाऱ्यात राही आणि पट्टा अथवा साखळी यांची गरज नव्हती. परंतु इतके वजन पुढच्या आसाच्या पुढे गेल्यामुळे गाडीचे नाक जड झाले. वळणावर चाके वळवली तरी गाडी सरळ जाऊ पाही, आणि मूळ गाडीत असलेला हा दोष अधिक तीव्र झाला. भाता एंजिनाला जोडला, पण त्याचा भार सुकाणूवर पडला.

फिरत्या पाळ्या आणि तापलेली हवा

व्हिलियर्स यांचे यंत्र रूट्स पद्धतीचे होते. अमेरिकेतील कॉनर्सव्हिल येथील रूट्स बंधूंनी १८६० साली पेटंट घेतलेल्या हवेच्या पंपाचे हे वंशज. बंद पेटीत इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे दोन फिरते भाग असतात. बाहेरच्या दोन दंतचक्रांमुळे ते विरुद्ध दिशांना एकाच लयीत फिरतात आणि एकमेकांना स्पर्श करीत नाहीत. पेटीची भिंत व पाळी यांच्यामध्ये सापडलेली हवा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे ढकलली जाते. येथे एक बारकावा लक्षात ठेवावा. हा पंप आपल्या पोटात हवा दाबत नाही, तो ती केवळ वाहून नेतो. एंजिन जेवढी घेऊ शकते त्याहून अधिक हवा नळीत येऊन पडू लागली म्हणजे नळीत दाब निर्माण होतो. पुढची पाळी उघडताच दाबलेली हवा क्षणभर उलट आत घुसते, आणि पुन्हा बाहेर ढकलली जाते. या खळबळीत बरीच शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते.

बर्किन यांच्या गाडीत जादा दाब चौरस इंचास सुमारे दहा पौंडांच्या घरात जाई. वातावरणाचा दाब १४.७ पौंड धरला तर एकूण दाब २४.७ पौंड, म्हणजे मूळच्या १.६८ पट होतो. यावरून शक्तीही १.६८ पट होईल असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु दाबलेली हवा तापते. सायकलचा पंप मारताना त्याचे टोक हाताला गरम लागते, तोच हा प्रकार. २७ अंशांची हवा, कोणतीही शक्ती वाया न जाता, १.६८ पट दाबली तर तिचे तापमान सुमारे ४८ अंशांनी वाढते. रूट्स पंपाची कार्यक्षमता ५५ टक्के धरली तर वाढ ८७ अंशांवर जाते आणि हवा ११४ अंशांची होते. तापलेली हवा फुगते. केवल तापमानाच्या प्रमाणात भाग दिला म्हणजे १.६८ चे १.३० उरतात. निम्म्याहून अधिक लाभ उष्णतेने गिळला.

येथे कार्ब्युरेटरची जागा महत्त्वाची ठरते. मर्सिडीजच्या रचनेत भाता आधी आणि कार्ब्युरेटर नंतर असे. बेंटलीच्या रचनेत कार्ब्युरेटर भात्याच्या आधी असल्यामुळे पेट्रोलचे तुषार भात्यातूनच जात. त्यांची वाफ होताना हवेतील उष्णता खेचली जाते, जसे ओल्या अंगावर वारा लागला की थंडी वाजते. या एका गोष्टीने पंचवीस-तीस अंशांचा फरक पडू शकतो. शिवाय साधे एंजिन स्वतःच्या शोषणाने कधीच पूर्ण भरत नाही. सुपरचार्जर ही तूटही भरून काढतो आणि दट्ट्याच्या माथ्यावरील मोकळ्या जागेतही मिश्रण कोंबतो. त्यामुळे प्रत्यक्ष लाभ वरच्या आकड्याहून बराच अधिक मिळाला. साध्या गाडीची ११० अश्वशक्ती होती, तर रस्त्यावरील सुपरचार्जरयुक्त गाडीची १७५. शर्यतीच्या गाडीची शक्ती २४० पर्यंत नेण्यात आली होती, पण तिच्यात इतरही अनेक बदल असल्यामुळे ती तुलना सरळ नाही.

मात्र पेट्रोल आधी मिसळण्यात एक धोका आहे. भात्यापासून सिलिंडरापर्यंतची लांब नळी ज्वालाग्राही मिश्रणाने भरलेली राहते. एखादी झडप नीट मिटली नाही आणि ज्वाला मागे आली, तर ती सारी नळी पेट घेते. म्हणून अशा मांडणीत दाब सुटण्यासाठी स्प्रिंगची झडप ठेवावी लागते. स्वस्तात काम उरकणारे नेमकी हीच वगळतात.

भात्याला फिरवण्यासाठी लागणारी शक्तीही एंजिनच देते. वरच्याच आकड्यांवरून हिशेब केला तर ३५०० फेऱ्यांना हवा तापवण्यातच सुमारे १७ किलोवॅट, म्हणजे २३ अश्वशक्ती खर्च होते, घर्षण निराळे.

शेजाऱ्यांवर पडलेला भार

आता सिलिंडराच्या आत पाहावे. दट्ट्याच्या माथ्याचे क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटिमीटर आहे. स्फोटाच्या क्षणी चौरस सेंटिमीटरला ३५ किलोग्रॅम दाब पडतो असे उदाहरणादाखल धरले, तर दट्ट्यावर पावणेतीन टन भार येतो. भरण दीडपट झाले की तोच भार चार टनांच्या वर जातो. हा भार दट्ट्याकडून कनेक्टिंग रॉडकडे, रॉडकडून क्रँककडे, आणि क्रँककडून बेअरिंगमधील तेलाच्या पातळ पापुद्र्याकडे जातो. तो पापुद्रा फाटला की धातूवर धातू घासू लागतो. यामुळेच, एंजिनाची बाह्य रचना न बदलण्याचा आग्रह असतानाही, या गाड्यांसाठी क्रँकशाफ्ट निराळा करावा लागला, दट्टे निराळे करावे लागले आणि वंगणाची व्यवस्थाही निराळी करावी लागली. बाहेरून पाहणाऱ्यास तेच एंजिन दिसे. आत ते तेच राहिले नव्हते.

दाबापेक्षाही कपटी शत्रू म्हणजे एंजिनाचा ‘ठोका’. स्पार्क प्लगपासून निघालेली ज्वाला सिलिंडरात पसरत असताना शेवटच्या कोपऱ्यातील मिश्रण दाबाने व उष्णतेने इतके तापते की ज्वाला पोचण्यापूर्वीच ते एकदम पेटते. हातोडी मारल्यासारखा आवाज येतो. असे ठोके काही काळ चालू राहिले तर दट्ट्याच्या कडा खचतात, माथा वितळतो. सुपरचार्जरमुळे मिश्रण आधीच दाबलेले व तापलेले असते; म्हणून ठोक्याचा धोका वाढतो. त्यावर उपाय तीन: सिलिंडरातील संपीडन गुणोत्तर कमी करणे, ठिणगी थोडी उशिरा पाडणे, आणि अधिक चांगले इंधन वापरणे. पहिल्या दोन उपायांनी मिळालेल्या शक्तीतला थोडा हिस्सा परत द्यावा लागतो.

उरला रेडिएटर. जळालेल्या पेट्रोलच्या उष्णतेचा मोठा भाग पाण्यात जातो. पेट्रोल दीडपट जळले तर पाण्याला देण्याची उष्णताही जवळजवळ त्याच प्रमाणात वाढते. आणि ती वाऱ्याला देणाऱ्या रेडिएटरच्या तोंडाशी आता एक अवजड यंत्र येऊन बसलेले असते.

१९३० च्या जून महिन्यात ल मां येथे दोन्ही मते समोरासमोर आली. बर्किन यांनी शर्यतीच्या पहिल्याच टप्प्यात मर्सिडीजच्या रुडॉल्फ काराच्योला यांना विलक्षण धाडसाने मागे टाकले. त्या वेळी त्यांच्या गाडीचे चाक रस्त्याकडेच्या गवतावर गेले होते. त्या शर्यतीतील हा सर्वांत प्रसिद्ध क्षण. मर्सिडीज शर्यत पूर्ण करू शकली नाही. पण सुपरचार्जर लावलेल्या दोन्ही बेंटली गाड्याही शेवटपर्यंत टिकल्या नाहीत. पहिला क्रमांक बार्नाटो व ग्लेन किड्स्टन यांच्या स्पीड सिक्सला मिळाला, दुसराही स्पीड सिक्सलाच. सहा सिलिंडरांच्या मोठ्या भट्टीने, कोणताही भाता न लावता, चोवीस तास काढले.

यावरून बर्किन चुकले असे म्हणणे घाईचे होईल. त्याच वर्षी फ्रान्समधील पो येथे झालेल्या ग्रां प्रीमध्ये त्यांची जड गाडी हलक्या बुगाटी गाड्यांच्या मेळ्यात दुसरी आली. १९३२ साली ब्रुकलंड्सच्या वर्तुळावर त्यांच्या एकासनी गाडीने ताशी १३७.९६ मैलांचा, म्हणजे २२२ किलोमीटरचा विक्रम केला. थोड्या वेळाच्या वेगात ही गाडी कोणालाही भारी होती. प्रश्न टिकण्याचा होता. स्वतः बेंटली कंपनी १९३१ साली आर्थिक अडचणीत सापडून रोल्स-रॉइसकडे गेली, त्याची कारणे मात्र केवळ भात्यात शोधता येणार नाहीत.

कारखान्याने स्वतः केलेली बसवणी

सत्तर वर्षांनंतरचे एक उदाहरण पाहिले म्हणजे जागेचा व शेजाऱ्यांचा प्रश्न कसा हाताळावा हे कळते. २००१ नंतर आलेल्या नव्या मिनी मोटारीचे १५९८ घन सेंटिमीटरचे एकच एंजिन दोन रूपांत मिळे. कूपर या नावाच्या साध्या रूपात ते ८५ किलोवॅट देई. कूपर एस या रूपात, २००६ पर्यंत, त्यावर ईटन कंपनीचा रूट्स पद्धतीचा सुपरचार्जर असे, आणि शक्ती प्रथम १२० किलोवॅट होती.

दोन्ही रूपांतील फरक सुपरचार्जरपुरता नव्हता. संपीडन गुणोत्तर १०.६ वरून ८.३ वर आणले होते. तापलेली हवा थंड करण्यासाठी एंजिनाच्या माथ्यावर इंटरकूलर बसवला आणि त्याला वारा मिळावा म्हणून झाकणाला खाच ठेवली. समोरच्या जागेत एवढे सामान मावेना, तेव्हा बॅटरी उचलून गाडीच्या मागे नेली. पाण्याचा पंप तर सुपरचार्जरलाच जोडून त्याच्याकरवी फिरवला. पाच वेगांच्या पेटीऐवजी सहा वेगांची पेटी दिली. बेंटली यांनी जे करू दिले नव्हते, म्हणजे शेजाऱ्यांना हलवून, बदलून, नव्याला सामावून घेणे, ते येथे प्रारंभीच केले गेले.

या सुपरचार्जरचे माप घेऊन पट्ट्याचा हिशेबही सोपा करून सांगता येतो. तो एका फेरीत ४५ घन इंच, म्हणजे ७३७ घन सेंटिमीटर हवा ढकलतो. एंजिन आपल्या एका फेरीत निम्मी जागा, म्हणजे ७९९ घन सेंटिमीटर घेऊ शकते. दोघे एकाच गतीने फिरले तर भाता एंजिनाला उपाशी ठेवील. म्हणून तो जवळजवळ दुप्पट गतीने फिरवतात, आणि मग पुरवठा १४७४ घन सेंटिमीटरवर जातो. गतीचे हे प्रमाण दोन पुलींच्या व्यासांवर ठरते. भात्यावरील पुली थोडी लहान केली की दाब वाढतो. हा उपाय इतका सोपा आणि स्वस्त आहे की अनेकांना त्याचा मोह पडतो. वर सांगितलेले सर्व भार त्यासरशी वाढतात, हे त्या वेळी आठवत नाही.

आयता संच बसवताना

आज अनेक देशांत प्रचलित गाड्यांसाठी सुपरचार्जरचे आयते संच विकत मिळतात. भारतात मोटर वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने दिलेल्या आणि नोंदणीपत्रात लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही, हे आधी ध्यानात घ्यावे. तांत्रिक बाजूने पाहता, संचाच्या पेटीत जे असते त्यापेक्षा जे नसते त्याची चौकशी अधिक महत्त्वाची.

क्रँकच्या पुलीवरून निघणारा एकच पट्टा बहुधा विजेचा आल्टरनेटर, पाण्याचा पंप आणि वातानुकूलनाचा पंप फिरवीत असतो. त्याच वाटेवर आता पंधरा-वीस अश्वशक्ती ओढणारा भाता येतो. पट्टा पुलीला जितका अधिक विळखा घालील तितका तो कमी घसरतो. म्हणून वाटेत ताण देणारी फिरकी अशा जागी बसवतात की भात्याच्या पुलीवरचा विळखा वाढेल. पुली एकमेकींच्या रेषेत नसतील तर पट्टा कडेने झिजून तुटतो. तो तुटला की केवळ जादा शक्तीच जात नाही, पाण्याचा पंपही थांबतो.

दुसरा शेजारी इंधनाचा. पेट्रोल फवारणाऱ्या नळ्यांना व पंपाला जादा हवेच्या प्रमाणात पेट्रोल देता आले पाहिजे. नळीतील दाब मोजणारे मूळ मापक वातावरणाच्या दाबापर्यंतच वाचू शकत असेल, तर त्यापुढील दाब नियंत्रक-संगणकाला दिसतच नाही. तो जुन्याच कोष्टकाप्रमाणे पेट्रोल देत राहतो आणि मिश्रण नेमके सर्वांत मोठ्या भाराच्या वेळी कमी पेट्रोलचे, म्हणजे सर्वांत तप्त होते. दट्टे जळण्याचे हे अगदी नेहमीचे कारण आहे.

काही शेजारी मात्र सहसा कोणाच्या ध्यानातच येत नाहीत. साध्या पेट्रोल एंजिनात शोषण-नळीत बहुतेक वेळ वातावरणापेक्षा कमी दाब असतो, आणि या ओढीचा उपयोग गाडीत ठिकठिकाणी केलेला असतो. क्रँकच्या पेटीतील तेलकट वाफ हीच ओढ बाहेर काढते. ब्रेक दाबण्यास चालकाच्या पायाला साहाय्य मिळते तेही बहुधा हिच्यामुळेच. भाता लागला की भाराच्या वेळी त्याच नळीत उलटा दाब निर्माण होतो. मध्ये एकाच दिशेने उघडणारी झडप नसेल अथवा ती जीर्ण झाली असेल, तर हवा क्रँकच्या पेटीत शिरते आणि तेल रबरी कड्यांतून बाहेर ढकलले जाते. ब्रेककडे जाणाऱ्या नळीतील झडप निकामी असेल तर साठवलेली ओढ नाहीशी होते आणि ब्रेक दगडासारखा कठीण लागतो. प्लास्टिकच्या तुकड्याएवढी ही वस्तू. पण अधिक वेगवान केलेल्या गाडीत तिच्यावर माणसाचा जीव अवलंबून असतो. संच बसवताना ती नवी घालणे हेच योग्य.

मंद गतीने जाताना जादा हवेची गरज नसते. तेव्हा भात्याने ढकललेली हवा पुन्हा त्याच्याच तोंडाशी सोडणारी आडवाटेची झडप ठेवतात. त्यामुळे हवा विनाकारण तापत नाही आणि इंधनही वाचते. क्लच, गिअरपेटी व सिलिंडरच्या माथ्याखालील गॅस्केट यांचे वय पाहणेही आवश्यक आहे, कारण लाख किलोमीटर धावलेल्या एंजिनाला नव्या एंजिनाएवढा भार सोसवेलच असे नाही. कुशल कारागीर म्हणून काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजून पाहतो, आणि एक सिलिंडर इतरांहून फार मागे असेल तर काम हाती घेत नाही.

बसवणी झाल्यावर पहिल्या फेरीत पूर्ण दाब कधीच देत नाहीत. थोडा भार देऊन एंजिन थांबवतात, निवू देतात आणि स्पार्क प्लग काढून त्यांची पांढरी चिनीमाती भिंगाखाली धरतात. ती फिकट तपकिरी दिसली तर मिश्रण ठीक आहे. ती खडूसारखी पांढरी असेल तर पेट्रोल कमी पडते आहे. आणि तिच्यावर मिठाच्या कणांसारखे चमकते ठिपके दिसले, तर एंजिन पुन्हा चालू करीत नाहीत. ते ठिपके दट्ट्याच्या ॲल्युमिनियमचे असतात.